रक्त देण्याआधी

आजाराची शंका आली की माणसाला खरं तर आधी डॉक्टर आठवायला हवा. पण आपल्यातल्या बहुतेकांना आधी आठवतात ते शेजारी, नातेवाईक आणि ऑफिसातले लोक. कुणाला कळलं तर काय होईल, हा विचार पुढे धावतो आणि आपल्याला नेमकं झालंय काय, हा प्रश्न मागेच राहतो. सुहासिनीचंही असंच झालं. ती काही अडाणी बाई नव्हती. नाशिकच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेली, लग्नाआधी शाळेत शिकवलेली. पण भीती एकदा मनात शिरली की शिक्षण कसं कोपऱ्यात जाऊन बसतं, ते तिनं स्वतःच अनुभवलं.

सुहासिनीचा नवरा मधु कतारमधल्या दुखानच्या तेलक्षेत्रात इंजिनिअर होता. त्यांची नऊ वर्षांची मुलगी ईरा इंग्रजी शाळेत जायची. कंपनीच्या टाऊनशिपमध्ये टुमदार घर, संध्याकाळी समुद्रावरचा वारा, दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी मराठी मंडळींचं जेवण. सगळं कसं आखून दिल्यासारखं चाललं होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी सुहासिनी गवार निवडत बसली असताना फोन वाजला. पलीकडे रोसा होती. कतारला येण्यापूर्वी, ईराच्या जन्माआधी, मधु दोन वर्षं बोलिव्हियात गॅसच्या प्रकल्पावर होता. चाको नावाच्या त्या रखरखीत भागातल्या एका खेड्यात त्यांनी घर भाड्याने घेतलं होतं. रोसा तिथे त्यांच्याकडे कामाला यायची. सुहासिनीला तिने मोडकीतोडकी स्पॅनिश शिकवली होती, आणि अजूनही वर्षाकाठी तिचा एखादा फोन यायचा.

या वेळी मात्र रोसा हसली नाही. तिचा चाळिशीतला भाऊ बाजारात टोपली उचलता उचलता कोसळला आणि तिथेच गेला. हृदय फुगून थकून गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मग गावात तपासणी झाली आणि रोसाच्याही रक्तात तोच रोग निघाला. चागास. विंचुका नावाच्या किड्यामुळे होणारा. मातीच्या भिंतींच्या भेगांमध्ये तो दिवसभर दडून बसतो आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर येऊन चावतो. रोसाने काळजीने विचारलं, तुमच्या मागच्या खोलीत ते किडे होते ना? सिन्योरा, तुम्ही तपासून घ्या. मुलीलाही दाखवा, आईकडून पोटातल्या बाळालाही जातो हा. आणि कुणाला रक्त देऊ नका.

सुहासिनीने फोन ठेवला. गवारीच्या शेंगा तशाच मांडीवर राहिल्या. तिला ती मागची खोली आठवली. मातीच्या विटांच्या भिंती, गवताचं छप्पर. तिथे एका सकाळी ती उठली तेव्हा तिचा डावा डोळा सुजून पार मिटला होता. काही दिवस अंगात कणकण होती. मधुने कोमट पाण्याने डोळा शेकला आणि एखादा डास चावला असेल म्हणाला. सूज उतरली आणि दोघंही ते विसरून गेले. त्यानंतर काही महिन्यांनी ईराची चाहूल लागली होती.

मधु संध्याकाळी घरी आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता बुटाची नाडी सोडायचा थांबला. नंतर म्हणाला, "इतकी वर्षं झाली, काही त्रास झालाय का आपल्याला? नाही ना? मग खलास." जरा वेळाने त्याने आवाज खाली आणला. जानेवारीत त्याचं कॉन्ट्रॅक्ट नव्याने व्हायचं होतं. असलं काही कंपनीच्या कानावर गेलं तर व्हिसाचं काय होईल, कोण जाणे. तोवर तरी हा विषय घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, असं ठरलं. इन्शाल्ला काही नसेलच, असं म्हणून तो आंघोळीला गेला, पण त्या दिवशी तो नीट जेवला नाही.

आता सुहासिनीचे दिवस कसे जाऊ लागले, ते काय सांगावं! सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावून ती फोनवर त्या रोगाबद्दल वाचायची आणि वाचून झाल्यावर त्याची खूण पुसून टाकायची. रोग वर्षानुवर्षं गप्प राहतो, हे वाचलं त्या दिवशी तिच्या छातीत पहिल्यांदा धडधडलं. ती धडधड भीतीची की रोगाची? त्या दिवसापासून जिना चढला तरी ती थांबून स्वतःची नाडी चाचपायची. पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणला. गाद्या उन्हात टाकल्या, कपाटामागच्या फटी टॉर्चने तपासल्या. दुखानच्या त्या सिमेंटच्या घरात विंचुका कुठून येणार? तिलाही ते कळत होतं. पण हात थांबत नव्हते.

सगळ्यात वाईट अवस्था व्हायची ईराकडे बघताना. शाळेच्या खेळात ईरा धावायला उभी राहिली की हिचा श्वास अडकायचा. जवळ घेण्याच्या निमित्ताने ती मुलीच्या छातीला कान लावायची. ईरा वैतागून म्हणायची, "आई, आय अ‍ॅम फाइन, सोड ना." आणि सुहासिनी हसून तिला सोडायची. आपण हिला जन्म देताना काय दिलंय, हे तिला माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायचं धाडस होत नव्हतं.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, शिकली-सवरलेली बाई, सरळ डॉक्टरकडे का गेली नाही? त्याला एक कारण होतं. आदल्या वर्षी शेजारच्या नुपूरकडे जैतून नावाची एक बांगलादेशी बाई कामाला होती. तिला खोकला झाला, आणि क्षयाचा संशय आहे अशी कुजबुज सुरू झाली. तपासणीचा निकाल यायच्या आत टाऊनशिपमधल्या बायकांनी तिला दारात उभं करायचं सोडलं. एकदा तिने ईराला जवळ घेतलं, तर सुहासिनीने तिच्या हातातून मुलगी जवळजवळ ओढून घेतली आणि ईराचा फ्रॉक गरम पाण्यात बुडवला. आठवड्याभरात जैतूनला तिच्या देशी पाठवून दिलं. पुढे तिचं काय झालं, कुणी विचारलंही नाही. लोक घाबरले की कसे वागतात, हे सुहासिनीला चांगलंच माहीत होतं. कारण ती त्या लोकांपैकीच एक होती.

डिसेंबर आला. राष्ट्रीय दिनासाठी रस्त्यारस्त्यांवर मरून-पांढरे झेंडे लागले. नुपूरला आठवा महिना सरत आला होता. बाळाची वार खाली सरकलेली होती, त्यामुळे सिझेरियन करावं लागणार होतं आणि रक्तस्राव होण्याची भीती होती. नुपूरचा रक्तगट बी निगेटिव्ह. दोह्यातल्या हॉस्पिटलने सांगितलं की ओळखीत त्या गटाचे कुणी असतील तर रक्तदानाला पाठवा.

आणि टाऊनशिपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की सुहासिनीचा गट बी निगेटिव्ह आहे.

नुपूरचा नवरा मिहीर स्वतः घरी आला. हा दोह्यातल्या वेस्ट बे भागातल्या एका बँकेत कामाला; नुपूर कंपनीत असल्यामुळे घर टाऊनशिपमध्ये. नेहमी ऐटीत असणारा तरुण. आज त्याचा शर्ट चुरगळलेला होता. तो दारातच म्हणाला, "ताई, तुमचाच आधार आहे." सुहासिनीच्या तोंडून हो निघून गेलं. नाही म्हणायला कारण काय सांगणार होती?

तो गेल्यावर मधु हळूच म्हणाला, की हिमोग्लोबिन कमी म्हणून दरवेळी तुला परत पाठवतात, याही वेळी पाठवतील. जाऊन ये, म्हणजे कुणाला काही बोलायला जागा राहणार नाही. सुहासिनीलाही ते पटलं. बुडत्याच्या हाताला लागावी तशी ती कमी हिमोग्लोबिनची आशा तिने घट्ट धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिहीरच्या गाडीतून ती दोह्याला निघाली. दुतर्फा सपाट वाळवंट, मधूनच दिसणारे उंट. मिहीर सारखा बोलत होता, नुपूरला रात्री झोप नाही, ती घाबरली आहे, बाळाचं नावही ठरवू देत नाही. सुहासिनी नुसती मान हलवत होती. 

रक्तपेढीत नर्सने तिच्या बोटातून थेंब घेतला आणि हसून सांगितलं, आज हिमोग्लोबिन छान आहे, तुम्ही रक्त देऊ शकता.

 दरवर्षी खाली जाणारा आकडा याच वर्षी वर यायचा होता! गेल्या दोन महिन्यांत मधुने आग्रहाने तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, अशक्तपणा जावा म्हणून.

नर्सने नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? नाही. कावीळ? नाही. भारत आणि कतार सोडून कुठे राहिला होतात?  काचेपलीकडे बाहेर मिहीर बसलेला दिसत होता, दोन्ही हातांत डोकं धरून.

"नाही," ती म्हणाली.

तिला खुर्चीत आडवं केलं गेलं. दंडावर पट्टा आवळला. नर्स कापसाने हात पुसू लागली. थंडगार स्पिरिटचा वास आला. सुहासिनी स्वतःला समजावत होती की आपल्यात काही नसेलच, कशावरून असेल, शिवाय हे लोक तपासतातच. तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर नुपूर आली. डोहाळजेवणाच्या दिवशी फुलांचे दागिने घालून बसलेली, पोटावर हात ठेवलेली. आपल्या अंगातलं रक्त त्या बाईच्या अंगात जाणार. तिच्यात, कदाचित तिच्या पुढच्या लेकरातही. रोसाच्या भावासारखं कुणीतरी एक दिवस बाजारात कोसळणार, आणि त्याचं कारण या खुर्चीत बसलं होतं हे कुणालाही कळणार नाही.

सुई त्वचेजवळ आली होती.

"थांबा!" ती ओरडली. "माझं रक्त घेऊ नका."

नर्स दचकून मागे झाली. सुहासिनीने स्वतःच पट्टा सोडायला सुरुवात केली. गडबड ऐकून आतल्या खोलीतून डॉक्टर आल्या. डॉक्टर सुमैया. चिपळूणच्या. सुहासिनीच्या तोंडून रडता रडता मराठी शब्द येताहेत हे ऐकून त्यांनी स्टूल ओढलं आणि मराठीतच विचारलं, "काय झालं? सावकाश सांगा. इथे कुणी घाई करत नाहीये."

मग सुहासिनीने सगळं सांगितलं. रोसा, मागची खोली, सुजलेला डोळा, ईरा, आणि आत्ता थोड्या वेळापूर्वी बोललेलं खोटंसुद्धा. डॉक्टरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर सुहासिनीने विचारलं, "तुम्ही तपासलंच असतंत ना? मी बोलले नसते तरी?"

"बऱ्याच रोगांसाठी आम्ही प्रत्येक पिशवी तपासतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण जगातला प्रत्येक रोग प्रत्येक पिशवीत शोधता येत नाही. म्हणून तर आम्ही विचारतो. तिथे आमची सगळी भिस्त समोरच्या माणसाच्या खऱ्या बोलण्यावर असते."

सुहासिनीने हात पुढे केला. मग तपासणीसाठी तिच्या रक्ताच्या वेगळ्या नळ्या भरून घेतल्या गेल्या.

आता मिहीरला सांगणं भाग होतं. तिने डॉक्टरांसमोरच त्याला सांगितलं. तो ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला, आणि मग नकळत तो खुर्चीतून उठून दोन पावलं मागे सरकला. "म्हणजे ताई, डोहाळजेवणाला तुम्ही नुपूरला भरवलंत. आमच्या घरात रोज येणं-जाणं आहे तुमचं. आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

सुहासिनीची मान खाली गेली. ज्या दोन पावलांची तिला इतके दिवस धास्ती होती, ती दोन पावलं हीच.

डॉक्टर सुमैया शांतपणे सुहासिनीच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा. "मिहीर, बसा," त्या म्हणाल्या. "तुमची भीती मी समजू शकते. पण भ्यायचं असेल तर ज्याला भ्यायला हवं त्याला भ्या. हा रोग एका परजीवीचा आहे. तो वाहून नेणारा किडा त्या देशांमधल्या खेड्यांत असतो. तो चावतो, चावल्या जागेजवळ घाण करतो, माणूस झोपेत खाजवतो आणि जंतू आत जातो. शेजारी बसल्याने, भरवल्याने, एका घरात वावरल्याने हा रोग होत नाही. तो रक्तातून जातो. आईकडून पोटातल्या बाळाला जातो. आणि आज रक्ताच्या वाटेने तो तुमच्या बायकोपर्यंत पोचण्याचा धोका होता. तो कुणी थांबवला? मी नाही थांबवला, मशीनने नाही थांबवला. या बाईंनी थांबवला."

मिहीर परत खुर्चीवर बसला.

"आता खरं बोलल्याची शिक्षा तुम्ही यांना दिलीत," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "तर यानंतर या खुर्चीत बसणारा माणूस तोंड उघडणार नाही. तो गुपचूप रक्त देईल आणि निघून जाईल. तुम्हाला कसा दाता हवाय, ते तुम्हीच ठरवा."

परतीच्या वाटेवर मिहीर गाडी चालवत राहिला. उंट दिसले, झेंडे दिसले. नुपूरसाठी रक्तपेढीने दुसऱ्या दात्यांची सोय केली. दोन दिवसांनी तिला मुलगा झाला आणि दोघंही सुखरूप राहिली.

आणि टाऊनशिपमध्ये बातमी पसरायची ती पसरलीच. कुणी पसरवली, हे सुहासिनीने शोधलं नाही. शुक्रवारच्या जेवणाचा निरोप आला नाही. ईराच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला बोलावणं आलं नाही, आणि पोहण्याच्या तलावावर ईरा पाण्यात उतरली तेव्हा दोन आयांनी आपापली मुलं बाहेर काढली. ईरा घरी येऊन म्हणाली, "व्हाय आर दे स्केअर्ड ऑफ मी?"  सुहासिनीला जैतूनच्या हातातून ओढून घेतलेली ईरा आठवली आणि ती स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, रडली.

मधु आणि ईराचंही रक्त तपासायला दिलं होतं. जानेवारीत तिघांचे निकाल आले. मधुला रोग नव्हता. सुहासिनीला होता. ईरालाही होता.

डॉक्टर सुमैयांनी तिला ज्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं होतं, त्यांच्या खोलीत मधु भिंतीला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. तपासणी टाळायचा सल्ला त्याचाच होता. सुहासिनी मात्र रडली नाही. इतके दिवस जे भूत दाराआड उभं होतं ते आता समोर आलं होतं, आणि त्याला नाव होतं. तिने एकच विचारलं, "माझी मुलगी बरी होईल का?"

डॉक्टरांनी सांगितलं की मुलांना हे औषध फार चांगलं लागू पडतं. ईराच्या हृदयाला काहीही झालेलं नाही, आणि या वयात औषध दिलं तर पूर्ण बरं होण्याची मोठी आशा आहे. आणखी वीस वर्षं कळलं नसतं तर हे वाक्य असं बोलता आलं नसतं. सुहासिनीच्या बाबतीत तेवढी खात्री देता येत नव्हती. तिचं हृदय आज ठीक होतं. औषध घ्यायचं आणि पुढे दरवर्षी तपासत राहायचं.

औषध बाहेरच्या देशातून मागवावं लागलं. मधु स्वतः कंपनीच्या डॉक्टरकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. ज्या प्रसंगाच्या धास्तीने त्याने बायकोला गप्प बसवलं होतं, तो थोडक्यात आटोपला. डॉक्टरने इतकंच म्हटलं, आधी यायला हवं होतंत. पुढे कॉन्ट्रॅक्टही झालं. अर्थात मधुला ते आधी माहीत नव्हतं. तरी तो गेला.

औषधाने सुहासिनीच्या अंगभर पुरळ उठलं, मध्ये काही दिवस ते थांबवावंही लागलं. ईरा मात्र गोळी गिळून तोंड वाकडं करायची आणि खेळायला पळायची. पण खेळायला कुणाबरोबर, हा प्रश्न होता.

तो सोडवला नुपूरने. बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर तिने मंडळींना बारशाला बोलावलं आणि सुहासिनीच्या घरी स्वतः निमंत्रण द्यायला आली. सुहासिनी म्हणाली की नको, लोक अवघडतील, तुझा समारंभ बिघडेल. नुपूरने हट्टाने तिला नेलं. हॉलमध्ये बायका बसल्या होत्या. सुहासिनी आत येताच बोलणं थांबलं. नुपूर बाळाला घेऊन सरळ तिच्याकडे आली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "यांनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं तर यांचं कुणी काही बिघडवलं नसतं. बिघडलं असतं ते माझं. मी जैतूनला काही न विचारता घालवून दिलं होतं. तिला खरंच काही होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. तसं मी पुन्हा करणार नाही."

 मिहीर दाराशी उभा होता. तो पुढे आला आणि सुहासिनीच्या शेजारी, सतरंजीवर, बसला. "ताई, माझं चुकलं," एवढंच तो म्हणाला. बाळ सुहासिनीच्या मांडीवर पाय झाडत होतं. तिला ते नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते. त्या दिवशी परत जाताना पाण्यातून मुलं बाहेर काढणाऱ्या दोघींपैकी एकीने ईराला शनिवारी खेळायला पाठवायला सांगितलं. दुसरी मात्र काही न बोलता निघून गेली. सगळ्यांची मनं एका दिवसात बदलत नसतात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मराठी मंडळाने महिलांसाठी एक बैठक ठेवली आणि सुहासिनीला बोलायची विनंती केली. तिने आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. तिने रोसाबद्दल सांगितलं, त्या किड्याबद्दल सांगितलं, आणि रक्तपेढीत बोललेल्या खोट्याबद्दलही सांगितलं. ईराच्या नव्या तपासणीत रक्तात जंतू सापडला नाही, अजून काही वर्षं तपासत राहायचं आहे, हेही सांगितलं. टाळ्या वाजल्या, चहा झाला, बायका पांगू लागल्या.

ममता नावाची एक बाई मात्र रेंगाळत राहिली. ही बीडकडची, नवरा टेक्निशियन, नुकतंच कुटुंब आणलेलं. कुणाशी फारशी न बोलणारी. सगळ्या गेल्यावर ती सुहासिनीजवळ आली आणि तिने साडीचा पदर दंडावरून जरा सरकवला. कोपराच्या वर एक फिकट चट्टा होता.

"ताई, हितं सुई टोचली तरी कळत न्हाई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "वरीस झालं. ह्यांना बी सांगितलं न्हाई. गावाकडं असल्या माणसाला गोठ्यात ठेवत्यात, म्या बघितलंय."

बधिर चट्टा! तो कुष्ठरोगाचा असू शकतो, हे सुहासिनीला कळायला वेळ लागला नाही. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिचाही हात आखडला. जुनी भीती अशी मुळासकट जात नसते. पण तो क्षणच होता. तिने ममताचा तो हात, चट्ट्यावर आपली बोटं टेकवून, दोन्ही हातांत घेतला.

"याला औषध आहे," ती म्हणाली. "लवकर घेतलं तर पूर्ण बरं होतं. उद्या आपण दोघी दोह्याला जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

ममताने पदर तोंडाला लावला. मग ती वर्षभराचं रडली.

वाचकहो, किडा चावतो तो भिंतीच्या भेगेतून येऊन. त्याला औषध आहे, भेगा बुजवता येतात, घरं सुधारता येतात. पण आजारी माणसाला तोंड मिटायला लावणारी भीती आपण आपल्याच वागण्यातून पसरवतो. रोग लपवणं चूक आहे, हे सुहासिनी शिकली. मात्र रोग लपवावा लागेल असं वागणं ही त्याहून मोठी चूक आहे, हे आपण सगळ्यांनी शिकायला हवं. शंका आली तर तपासून घ्या. रक्त देण्याआधी खरं सांगा. आणि तुमच्या शेजारी कुणी घाबरत घाबरत खरं सांगायला आलं, तर पाऊल मागे घेऊ नका. तुमच्या त्या एका पावलावर कुणाचं तरी आयुष्य ठरत असतं.